विहीणबाईंचे जेवण

मुलीच्या सासरच्या माणसांना दुपारच्या जेवणाला बोलावणे, आणि ती जेवून सुखरूप परत जाईपर्यंत यजमानघरात जे काही घडते ते सर्व, याला व्याहीभोजन म्हणतात. हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. येथे तो जळगाव शहराच्या मेहरूण भागातील पद्धतीनुसार मांडला आहे. मेहरूणची ओळख एकेकाळी दोन गोष्टींवर होती, तलाव आणि बोरे. तलाव आहे. बोरांच्या बागांच्या जागी मात्र पुष्कळशी घरे आली, त्या घरांतून मुली वाढल्या, त्यांतल्या काही धुळ्याला दिल्या, आणि त्यातून प्रस्तुत प्रश्न उद्भवला.

जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर भरते. पाहुण्यांची चहावर बोळवण करता येऊ नये इतके ते दूर आहे आणि मुक्कामाचा आग्रह खरा वाटू नये इतके जवळ. त्यामुळे मधला मार्ग म्हणून जेवण उरते.

व्याह्यांच्या येण्याचे प्रसंग तीन. पहिला आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. त्या वेळी मुलगी माहेरी येते आणि झोक्यावर बसते. तिला न्यायला म्हणून सासरचे येतात आणि आमरसावर बसतात. दुसरा अधिक महिन्याचा. हा महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि त्यात जावयाला ३३ अनारसे द्यायचे असतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणजे निदान पावसाची तरी सोबत होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणजे १७ मे ते १५ जून. या दिवसांत जळगावचा पारा चाळिशीच्या खाली यायला सहसा तयार नसतो. अशा उन्हात कढईपुढे उभे राहून तळताना घरातले कोणीही हसत नाही. हसतात ते फक्त अनारसे, आणि तेही तुपात पडल्यावर. तिसरा प्रसंग हिवाळ्यातला. त्याला निमित्त नसते. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन येतो, “उद्या सहज येतोय, काही करू नका बरं.” तिन्हींत हा सर्वांत भारी. पुढील विवेचन त्याचेच आहे.

फोन ठेवल्याबरोबर यजमानीणबाई मुलीला फोन लावतात.

“सासूबाईंना काय आवडतं गं?”

“त्यांचं काही नसतं, आई. काहीही चालतं त्यांना.”

हे उत्तर ऐकून अनुभवी बाई मटकन खाली बसतात. ज्याला कारले चालत नाही त्याच्यासाठी कारले टाळता येते. ज्याला काहीही चालते त्याच्यासाठी काय टाळावे याला शास्त्रात उत्तर नाही. मग उलटतपासणी होते आणि हळूहळू माहिती बाहेर पडते. सासूबाईंना तिखट सोसत नाही, पण फिके असले की त्या ताट पुढे सारतात. तेल डॉक्टरांनी बंद केले आहे, पण रश्शावर तर्री दिसली नाही तर “पाणी केलंय का?” असे विचारतात. सासऱ्यांना साखर आहे. गोड करायचेच नाही, मात्र गोड नसेल तर ते नातवाला विचारायला लावतात. शिवाय एक आत्याबाई असतात. त्यांना निमंत्रण नसते. गाडीत जागा असते, म्हणून त्या येतात.

“आणि जावईबापूंना?”

“त्यांचं विचारू नकोस. ते आईकडे बघून ठरवतात.”

यानंतर बेत ठरवण्याची बैठक बसते. यजमान पनीरचे नाव काढतात. ते लगेच फेटाळले जाते, कारण लग्नात त्यांच्या बाजूने पनीरच होते आणि त्याची चर्चा अजून संपलेली नाही. वरणबट्टी करावी, तर विहीणबाईंच्या हातची बट्टी साऱ्या भावकीत नावाजलेली. ओवा-जिरे घालून मळलेल्या कणकेचे गोळे आधी उकडून, मग कापून तळायचे, की सरळ भाजायचे, यावरच त्या बोट ठेवतील. शेवभाजी करावी, तर धुळेकरांच्या मते ती धुळ्याची आणि जळगावकर तिची नुसती नक्कल करतात. (जळगावकरांचेही हेच मत आहे, गावे तेवढी उलटी करून.) मांडे करावेत, तर मांडा हातावर पसरवता येणारी घरात एकटी आजी. खान्देशी मांडा ही पोळपाटावर न मावणारी पुरणपोळी. वस्त्रगाळ पिठाची ही पोळी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. आजीचे गुडघे आता चुलीजवळ जात नाहीत, म्हणून ती खुर्चीतून सूचना करते. सूचना बिनचूक असतात. मांडा मात्र सुनेच्या हातावर असतो, आणि तो मधोमध फाटतो.

“घडी घाल,” आजी सांगते, “भोक आत गेलं पाहिजे.”

अखेर यांतले काहीच नको असे एकमताने ठरते आणि सगळेच केले जाते. त्यात मुख्य मान भरताचा, कारण थंडीत जळगावात येऊन भरीत न खाता परतलेला पाहुणा हा यजमानाच्या नावावरचा डाग समजतात.

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे वांगे फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेघा असलेले, आकाराने दांडगे आणि बियांना कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदचे असेल तर विशेष. ते आणायला यजमानांना पाठवले जाते. मानांकन वांग्याला मिळालेले असते, यजमानांना नाही, त्यामुळे ते पहिल्या खेपेला जांभळी वांगी घेऊन येतात.

“रंगानं काय होतंय? आतून सगळी सारखीच.”

“मग साडी घेताना पण आतूनच बघत जा.”

दुसऱ्या खेपेला हिरवी येतात.

भरताची खरी कृती कपाशीच्या काड्यांवरची. काड्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजायची, हिरव्या मिरच्याही भाजायच्या, मग लसणासह सारे लाकडी बडजीत ठेचायचे आणि वर तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो घालत नाहीत. टोमॅटो घालणे हा कायद्याने गुन्हा नाही, पण ठरलेले लग्न मोडायला एवढे कारण खान्देशात पुरते. शेतात हे सारे सोपे असते. मेहरूणच्या प्लॉटवरच्या दुमजली घरात काड्या गच्चीवर पेटवाव्या लागतात. पहिल्या पाच मिनिटांत धूर शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. शेजारीण गच्चीवर येते ती भांडायला, पण वास आल्यावर तिचा सूर बदलतो.

“भरीत का? कोण येतंय?”

“विहीणबाई.”

“अगं बाई! मग जरा जास्तच कर. उरेल ते मी नेईन.”

धुराने डोळे लाल होतात. मुलीचे सासरचे दारात आल्यावर हे डोळे पाहून “मुलीची आठवण येत असेल” असे समजतात, आणि हा या पद्धतीचा अनपेक्षित फायदा आहे.

भरीत-पुरीबरोबर कळण्याची भाकरी हवीच. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळून आणलेले ते काळपट पीठ. भाकरी थापणारीचा धीर पाहणारे. अंदाज चुकला की ती तव्यावर जाण्याआधीच नकाशा होते. आता स्वयंपाकात मापाचा प्रश्न आला की कपाटातून कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ निघते. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने वाटी आणि चमचा हाताशी देऊन मराठी सुनांच्या दोन पिढ्या तारल्या. परंतु ते चाळूनही यजमानीणबाईंना हवे ते सापडत नाही. किती वाट्या पिठाला किती पाणी हे कळते. किती माणसांच्या स्वयंपाकाला किती बोलणी, याचे प्रमाण तिथे नाही.

यापुढचा भाग वेळेचा, आणि सर्वांत जास्त अपघात याच टप्प्यावर होतात. धुळ्याहून जळगावला रेल्वेने यायचे तर चाळीसगावचा वळसा पडतो, म्हणून पाहुणे गाडीने महामार्गावरून येतात. स्वयंपाकघर याच मार्गाला जुंपलेले असते. पारोळा आला की पुऱ्यांची कणीक भिजते. एरंडोल सुटले की वरणाला फोडणी. पाळधी आली की तेल तापते. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, म्हणजे विद्यापीठ दिसले की रश्श्याला उकळी, आणि फाटकाचा आवाज आला की त्यात शेव. शेव आधी घालून चालत नाही. ती रस्सा पिते आणि दहा मिनिटांत भाजीचा लगदा होतो. योजना निर्दोष असते. फक्त पाहुण्यांना ती माहीत नसते.

“कुठवर आलात?”

“हे काय, एरंडोल सोडलं.”

एरंडोल सोडले हे खरे असते, पण कोणत्या दिशेने हे सांगितलेले नसते. एरंडोलपासून थोडे आत पद्मालय आहे. तिथल्या देवळात उजव्या आणि डाव्या सोंडेचे असे दोन गणपती शेजारी शेजारी आहेत. इतक्या जवळून जाऊन दर्शन न घेणे आत्याबाईंना पटत नाही. दोन गणपतींपुढे दोन वेगळे नवस बोलायचे असल्याने वेळही दुप्पट लागतो. इकडे पुऱ्या फुगतात, बसतात, गार होतात. दुसऱ्या पुऱ्या होतात. मेहरूणच्याच कोणाची तरी गाडी फाटकापुढे थांबते, आतून घाईने शेव पडते, आणि गाडीतून कुरिअरवाला उतरतो.

पाहुणे पोहोचल्यावर पहिले वाक्य ठरलेले: “जेवायची काही घाई नाही, वाटेत कचोरी खाल्ली.” दुसरे वाक्य विहीणबाईंचे असते. त्या पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात येतात आणि विचारतात, “काही मदत करू का?” याचा मदतीशी काही संबंध नाही. ही तपासणी आहे. त्या झाकणे उचलतात, ठेवतात. ओट्यावरच्या तुपाच्या डब्याकडे पाहतात. “गॅसवरच केलंय का सगळं?” एवढेच म्हणतात. काड्यांचा धूर खाल्लेल्या यजमानीणबाई गच्चीकडे बोट दाखवतात. विहीणबाई मान हलवतात. ती होकारार्थी की नकारार्थी हे सांगणे कठीण असते.

पाने वाढली जातात. भरीत, पुरी, कळण्याची भाकरी, बट्टी, वरण, लगदा झालेली शेवभाजी, दुमडलेले मांडे, मठ्ठा, ठेचा, बिबडे. सर्वजण बसल्यावर, पहिला घास उचलण्याच्या बेतात, आत्याबाई हात आखडता घेतात.

“पौषातला रविवार ना. मी अळणी खाते.”

पौषातले रविवार हे आदित्यव्रताचे, आणि अनेक घरांत त्या दिवशी मीठ वर्ज्य असते. नेमका हाच काळ भरताच्या हंगामाचा असल्याने ही टक्कर अधूनमधून होणारच. स्वयंपाकघरात शोध सुरू होतो. भरतात मीठ, वरणात मीठ, बट्टीत मीठ, कळण्यात तर दळतानाच मीठ. मीठ नसलेला पदार्थ म्हणून दोनच सापडतात. मांडा देऊ पाहावा, तर पुरणाने त्यांना पित्त होते. अखेर त्या दूधभात खातात, कौतुकाने खातात, दुसऱ्यांदा मागून खातात. आणि पुढे वर्षभर धुळ्याच्या प्रत्येक हळदीकुंकवात सांगतात, “मेहरूणला गेलो होतो. मला दूधभात वाढला.” यात एकही शब्द खोटा नसतो.

आता स्तुतीकडे वळू. विहीणबाई स्तुती करतच नाहीत हा गैरसमज आहे. त्या करतात, पण ती स्वयंपाक करणारीच्या अंगाला लागू न देता करतात.

“भरीत चांगलं शे. वांगी कोठली?”

“बामणोदची.”

“तरीच.”

या ‘तरीच’मध्ये भरताचे सारे श्रेय बामणोदच्या शेतकऱ्याकडे रवाना होते. याच पद्धतीने बट्टीचे श्रेय तुपाला, पुऱ्यांचे गिरणीवाल्याला आणि ठेच्याचे मिरचीला मिळते. जळगावात हिवाळ्यात तयार भरीत किलोवर विकणारी भरीत सेंटरे जागोजागी लागतात, त्यामुळे आणखी एक वाक्य शक्य होते आणि ते हमखास येते: “मस्तच आहे हो. कोणत्या सेंटरचं?” पहाटेपासून गच्चीवर काळे झालेले हात त्या वेळी पदराखाली जातात. यजमान मदतीला धावतात. “छे छे, घरचंच! हिला सवयच नाही ना, म्हणून तीनदा वांगी आणावी लागली.” यजमानांना अशा पंगतीत बोलू देऊ नये, असे जाणते लोक सांगतात. त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या द्यावा आणि तो सतत भरलेला ठेवावा.

जावयाला मत विचारू नये. तरी कोणी तरी विचारतेच.

“जावईबापू, कसं झालंय?”

जावई आधी आईकडे पाहतो, मग सासूबाईंकडे, मग ताटाकडे. “भूक फार लागली होती,” तो म्हणतो. हे वाक्य खान्देशातल्या कोणत्याही वकिलाने अभ्यासावे असे आहे.

आग्रह हा वेगळा अध्याय होऊ शकेल, पण थोडक्यात आवरता येतो. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरणे म्हणजे ‘नको’. बोटांमध्ये फट ठेवून धरणे म्हणजे ‘वाढा’. व्याह्यांची फट सर्वांत रुंद असते. “साखर आहे हो मला,” असे म्हणत ते पहिला मांडा घेतात, “अर्धाच द्या” म्हणून दुसरा, आणि तिसऱ्याला काहीच म्हणत नाहीत. विहीणबाई नवऱ्याकडे रोखून पाहतात. रात्री त्यांची साखर वाढली तर ती मेहरूणच्या खात्यावर पडणार हे त्या नजरेत लिहिलेले असते.

येथे एका जुन्या तंत्राचा उल्लेख आवश्यक आहे. ते कोणत्याही पाकपुस्तकात नाही. खुर्चीतली आजी ते सांगते. जेवण पूर्ण निर्दोष कधीही करू नये. कारण स्वयंपाक बिघडला, तर विहीणबाई म्हणतात, “आता कळलं सुनेला का जमत नाही.” आणि स्वयंपाक अप्रतिम झाला, तर त्या अधिक शांतपणे म्हणतात, “आईला इतकं सुरेख येतं, मग हिला का नाही?” दोन्ही वेळा गोळी लागते ती मुलीला. म्हणून यजमानीणबाईने एक छोटी, दिसेल अशी, निरुपद्रवी चूक मुद्दाम ठेवावी. विहीणबाईंना ती सापडते, त्या बोट ठेवतात, समाधान पावतात, आणि मुलगी त्या दिवसापुरती सुटते. मेहरूणच्या या पंगतीत ती चूक मठ्ठ्यात ठेवलेली असते: मीठ कमी.

विहीणबाई मठ्ठ्याचा घोट घेतात. सारे स्वयंपाकघर श्वास रोखून दाराआड उभे.

“मठ्ठा मात्र फक्कड झालाय,” त्या म्हणतात. “आमच्याकडे मेलं सगळे खारट करतात.”

पुढे त्या वरणावर येतात. “डाळ जरा राहिली का? पाणी वाघूरचं ना तुमच्याकडे? आमच्या धुळ्याला दोन शिट्ट्यांत शिजते.” आजी खुर्चीत डोळे मिटून घेते. वाघूर धरणावर खापर फुटले, सुटलो. जळगाव शहराला पाणी पुरवणाऱ्या या धरणाचा हा उपयोग पाटबंधारे खात्याच्या नोंदीत नसावा.

जेवण संपल्यावर सुपारी, बडीशेप, आणि “आता तुम्ही या हं आमच्याकडे.” ही सूचना ऐकून यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच तेज येते, कारण पुढच्या पंगतीत झाकणे उचलण्याचा अधिकार त्यांचा असतो. त्या आताच एक-दोन प्रश्न मनात तयार करून ठेवतात. बट्टी उकडता की भाजता, हा त्यांतला एक.

निघताना गाडीत डबे चढतात. शेजारणीसाठी काही उरत नाही. “नको हो, कशाला एवढं,” म्हणत विहीणबाई भरताच्या डब्याचे झाकण नीट बसले आहे ना हे दोनदा पाहतात. रात्री आठला मुलीचा फोन येतो.

“आई, सासूबाईंनी भाकरीबरोबर परत भरीतच खाल्लं. बोलल्या काहीच नाहीत.”

“काहीच नाही?”

“डबा पुसून घेतला भाकरीनं.”

डबा परत येण्यास काही आठवडे लागतात. तो रिकामा धाडणे अशुभ असल्याने त्यात काहीतरी घालून पाठवण्याची रीत आहे. जावई कामानिमित्त जळगावला येतो, तेव्हा तो डबा मेहरूणच्या ओट्यावर ठेवतो. आत भरीत असते, विहीणबाईंच्या हातचे. सोबत निरोप असतो, “चाखून पाहा म्हणावं.”

यजमानीणबाई चाखतात. चांगले झालेले असते.

“वांगी कोठली विचार,” त्या जावयाला सांगतात.